पाहुण्याची अर्धी दाढ

मामा, गेल्या मंगळवारी दातांच्या दवाखान्यात जाऊन आलो आणि तेव्हापासून तुमच्याशी बोलल्याशिवाय राहवत नाही. महिनाभर दात घासताना हिरड्यांतून रक्त येत होतं. तुमच्या लेकीला कळू नये म्हणून मी बेसिन धुऊन ठेवत होतो. पण एका सकाळी तिनं उशीवरचा लाल डाग पाहिला आणि मला दंडाला धरून दवाखान्यात नेलं. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. तरी त्या खुर्चीत आ करून आडवा झालो, तेव्हा वरून तुम्हीच वाकून बघताय असं वाटून माझी पाचावर धारण बसली.

कारण माझे दात पहिल्यांदा मोजलेत ते तुम्ही. उंब्रजजवळच्या तुमच्या घरी मी मुलगी बघायला आलो होतो. पोहे झाले, चहा झाला, आणि तुम्ही कोयत्यानं ऊस तोडून माझ्या हातात दिलात. "सोला, पावणं." बैल घेताना आसपासच्या गावांतले लोक दात बघायला तुम्हाला सोबत नेतात, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. मी इस्लामपूरच्या बेकरीवाल्याचा मुलगा, खारी, टोस्ट आणि क्रीमरोलवर वाढलेला. चहात बुडवून मऊ केल्याखेरीज काही खायचं असतं, हे माझ्या दातांना ठाऊक नव्हतं. पण समोर तुमची लेक बसलेली, आणि ती मला बघताक्षणी आवडलेली. दुसऱ्याच पेराला माझी पोखरलेली दाढ कटकन मोडते. डोळ्यांपुढे काजवे चमकतात. मी तुकडा चोथ्यात लपवून परातीत टाकतो, "लय गोड हाय ऊस" म्हणतो आणि उरलेला ऊस दुसऱ्या बाजूनं संपवतो.

तिसऱ्या दिवशी तुम्ही आमच्या बेकरीत हजर. माझे वडील गल्ल्यावर होते. तुम्ही खिशातून कागदाची पुडी काढून त्यांच्यापुढे ठेवलीत आणि म्हणालात, "ह्ये तुमचं आमच्याकडं ऱ्हायलं व्हतं." आत माझी अर्धी दाढ! म्हशीपुढं टाकायच्या आधी चोथासुद्धा हातानं चाचपून बघायची तुमची सवय. वडिलांचा चेहरा पडला. मी भट्टीच्या आडोशाला, जीव टांगणीला लागलेला. तुम्ही सावकाश पाणी प्यायलात. "दाढ मोडली तरी पोरानं तोंड वाकडं केलं न्हाई. सोशिक हाय. पोरगी सुखात ऱ्हाईल. पर एक अट हाय, हितनं फुडं त्याचं खाणं आमी ठरवणार." वडिलांनी आनंदानं क्रीमरोलचा बॉक्स पुढे केला. तुम्ही तो तसाच मागे सरकवलात. "तुमीच खावा. आन् खाल्ल्यावर चूळ भरा."

लग्नानंतर दर गुरुवारी एसटीनं तुमचं पोतं यायचं. ज्वारी, शेंगा, तीळ, मेथी, गाजरं, मुळे, पेरू. सोबत निरोप: रोज वाडगाभर दही, भाकरी कोरडी खायची, कालवणात भिजवून नाही. सुरुवातीला माझे जबडे इतके दुखायचे की ऑफिसात फोनवर बोलणं नको वाटायचं. आणि दिवाळीला सासुरवाडीत आलो की दारातच, पायांवर पाणी घ्यायच्या आधी तपासणी. "पावणं, आ करा." तुमची लेक लाजेनं लाल व्हायची. एकदा ती चिडून म्हणालीच, "आवं आण्णा, जावई हायत त्ये, बैल न्हाईत!" तुम्ही माझ्या तोंडातली नजर न काढता म्हणालात, "बैल आसता तर एवढी काळजी न्हवती. फुडच्या बाजारात न्हेला आसता." राग यायचा मला, मामा. खरंच यायचा. पण तपासणी संपल्यावर तुम्ही नुसतं "हं" म्हणायचात, आणि ते "हं" पास म्हणून की नापास म्हणून, याचा विचार मी परतीच्या वाटेवर इस्लामपूर येईस्तोवर करायचो. ते तुम्ही शेवटपर्यंत सांगितलं नाहीत.

तर मंगळवारी डॉक्टरीणबाईंनी विचारलं, रोज काय खाता? मी तुमचं पोतं पाठ म्हणून दाखवलं. शेजारच्या स्टुलावरून तुमची लेक म्हणाली, "आन् दुपारचं सांगा की!" निवृत्त झाल्यापासून मी रोज दुपारी भावाच्या बेकरीत जाऊन चहात चार टोस्ट बुडवतो, हे तिला माझ्या खिशातल्या चुऱ्यावरून कळलं होतं. डॉक्टरीणबाईंनी मला शाळकरी पोरासारखं झापलं. चिकट गोड हिरड्यांशी साचून राहतं, खालचे दोन दात हलायला लागलेत, असंच चाललं तर जातील. ऊसही सारखा चघळू नका म्हणाल्या, आता तुम्ही काय भांडायचं ते वर भांडा. मग आरसा फिरवून सगळं तोंड पाहिलं आणि म्हणाल्या, "पण बाकीचे छान राहिलेत. दुपारचं बंद करा, पहिलं खाणं तसंच ठेवा, हेही वाचतील. ही शिस्त कुणी लावली?"

मी म्हणालो, "वडिलांनी."

तुमची लेक स्टुलावर ताठ झाली. माझ्या वडिलांनी आयुष्यभर टोस्ट विकले, हे तिच्याइतकं कुणाला माहीत? पण ती नुसती पदराशी चाळा करत खाली बघत राहिली. तुमच्यासमोर मला हा शब्द कधी उच्चारता आला नाही, मामा. तुम्हीही मला शेवटपर्यंत पावणंच म्हणालात.

हा कागद टाकायला पत्ता नाही, आणि घरात ठेवला तर ती वाचेल. म्हणून आता फाडणार आहे. त्याआधी एवढं सांगतो. मग हिरड्या बधिर करून साफसफाई सुरू झाली, तेव्हा त्या खुर्चीत माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. डॉक्टरीणबाईंना वाटलं दुखतंय, म्हणून त्यांनी बधिर करायचं आणखी एक इंजेक्शन भरलं. दुखत काही नव्हतं. मी गपचूप टोचून घेतलं.