आईने पास केलेली कॉफी

शुक्रवार, ता. १७

प्रिय दादा,

साष्टांग नमस्कार तू मागणार नाहीस आणि मी घालणार नाही, तेव्हा नुसताच नमस्कार. आम्ही दोघी ठीक आहोत. तुझं खोकं परवा पोचलं, काही फुटलेलं नाही.

तू पाठवलेल्या चहा-कॉफीच्या सामानामुळे ओट्यावर आता भाजी चिरायला जागा उरलेली नाही. दांडा दाबायचं काचेचं भांडं, ती आठकोनी किटली, कागदी गाळण्यांची चळत, हिरवा चहा घुसळायचा बांबूचा कुंचा आणि आता ही तुझी नवी लांब चोचीची झारी. वरच्या मजल्यावरच्या काकू विचारत होत्या, घरात कुणी औषधं बनवतं का. फ्रिजमध्ये थंड पाण्यात भिजत घातलेल्या कॉफीची बरणी असते, तिला त्या काढा समजल्या.

आई सगळं करून बघते. पाणी उकळल्यावर हिरव्या चहासाठी जरा निवू देते, कॉफीवर थेंब थेंब गोल फिरवत ओतते. मग तीन कप ओळीने मांडते, चमच्याने सुर्र करून ओढते, तोंडात घोळवते आणि बादलीत थुंकते. पाहुण्यांसमोर तिने असं केलं की आपण दोघं लाजून आत पळायचो, आठवतं? चहा चाखून पास करायची तिची नोकरी; कंपनीत तिच्या सहीशिवाय चहाची एक पेटी बाहेर जात नसे. एकदा तिला सर्दी झाली होती. बाहेर ट्रक भरून उभा, मालक स्वतः दारात, आणि ही म्हणाली, "नाक उघडल्यावर या. चव घेतल्याशिवाय सही नाही." ट्रक थांबला. ही गोष्ट तिने आपल्याला जेवताना इतक्यांदा ऐकवलीय की तुला पाठ असेल.

जिन्यातला दिवा पुन्हा गेलाय. माझ्या औषधाच्या दुकानात नवीन बाई आल्या आहेत, त्या कामापेक्षा बोलतात जास्त. हवा कोरडी आहे.

बघ, इकडचं तिकडचं लिहून पान भरत आणलं. पण तुझ्या कॉफीच्या दुकानाच्या जागेचा करार महिनाअखेर आहे, नोकरीचा राजीनामा तू लिहून ठेवलायस, आणि पाटीवर म्हणे 'आईने पास केलेली कॉफी' असं रंगवून घेणार आहेस. आता मूग गिळून बसणं मला जमणार नाही.

दादा, आईला चव कळत नाही. वासही येत नाही. त्या मोठ्या तापानंतर गेलं ते परत आलं नाही. डॉक्टर म्हणतात, येईल किंवा येणारही नाही, वाट बघा.

मलाही तिने सांगितलं नव्हतं. मागच्या रविवारी कळलं. पाणी तापवायच्या किटलीच्या तळाला पांढरा थर साचला होता म्हणून मी तिच्यात व्हिनेगर आणि पाणी घालून ठेवलं आणि विसरून आंघोळीला गेले. बाहेर येते तर आईने तेच पाणी तापवून तू भाजून पाठवलेली कॉफी गाळली होती, आणि फोनवर तुला सांगत होती, "छान आंबटसर आहे रे, संत्र्याच्या सालीसारखी. मागून मध येतो." तू तिकडून ओरडलास, "आईने आंबटपणा बरोबर पकडला!" स्वयंपाकघरात डोळे चुरचुरावेत इतका वास होता. मी तिच्या कपातला घोट घेतला आणि बेसिनमध्ये थुंकले. संत्र्याची साल आणि मध हे तू पाकिटावर लिहून पाठवलेले शब्द होते. चष्मा लावून ती तेच वाचत होती.

फोन ठेवल्यावर तिने माझ्याकडे पाहिलं. मी किटली दाखवली.

"किती दिवस?" मी विचारलं.

"ताप उतरल्यापासून."

"मग दादाला का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? तू एवढ्या लांबून पाठवतोस आणि मला ती नुसत्या गरम पाण्यासारखी लागते, असं?" मग म्हणाली, "त्याचा फोन दर रविवारी येतो तो कॉफीसाठीच. कॉफी बंद झाली तर तो बोलेल काय माझ्याशी?"

हे मी तुला टोचायला लिहीत नाही. पण तेव्हा मला तुझा रागच आला होता. तिचाही आला. आणि दोघांची दयाही आली, त्याचं काय करायचं ते कळेना.

"झाकली मूठ राहू दे," ती म्हणाली. मी म्हटलं, त्या मुठीत त्याचं सगळं आयुष्य आहे. त्यावर ती बराच वेळ कपच धूत बसली.

काल तिने स्वतःच नवं पाकीट उघडलं. पाणी माझ्यासमोर भरलं, कॉफी गाळली आणि कप माझ्यापुढे सरकवला. "तू घे. पाकीट वाचायचं नाही."

मी घेतला.

"आधी काय लागतं?"

"कडू."

"सगळीच कडू असते. गिळल्यावर मागे काय राहतं?"

"राख. जळक्या पापुद्र्यासारखं काहीतरी."

"आणि मग?"

"मग काहीच नाही, आई."

तिने दाणे मुठीत घेतले, खिडकीशी नेऊन उलटसुलट पाहिले, एक दाताखाली फोडला. "बाहेरून काळा, आतून कच्चा. आच मोठी ठेवतोय. पहिल्यापासून घाईच त्याला." दाणा तोंडातच होता. तो चघळत ती खिडकीशी उभी राहिली, आणि तिचे डोळे भरून आले. दादा, आईला रडताना मी बाबा गेले तेव्हा पाहिलं होतं, त्यानंतर काल.

तेव्हा करार पुढे ढकल. कॉफी वाईटच आहे असं मी म्हणत नाही, माझी जीभ ती काय! पण आजवर ती कुणीही पास केलेली नाही, एवढं मला ठाऊक आहे. तिकडे कुणा जाणत्याला चाखायला दे. आणि रविवारी फोन कर. नेहमीसारखाच कर, फक्त 'कशी लागली?' विचारू नकोस. दुसरं काहीही विचार. तिचे गुडघे विचार, जिन्यातला दिवा विचार.

हे पत्र मी तिला वाचून दाखवलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं. मी पेन पुढे केलं, म्हटलं, खाली तूही सही कर, म्हणजे त्याला पटेल. तिने पेन हातात घेतलं, टोपण काढलं, आणि परत लावून ठेवलं.

"नको," म्हणाली. "माझ्या सहीवर आता माल पाठवू नका."

म्हणून एकटीच,
तुझी धाकटी