हौदातली चिलापी

५ एप्रिल
श्रीगोंद्याला जाऊन डॉक्टरीणबाईंना दाखवून आले. आहे! ओंकारला सांगितलं — बापच तो, त्याचा हक्क. आणि आता या वहीला. बाकी कुणाला नाही. गेल्या वर्षी सासूबाईंनी दुसऱ्याच महिन्यात भावकीत पेढे वाटले, आणि पुढच्या आठवड्यात सगळं संपलं. या वेळी तिसरा सरेपर्यंत एक शब्द काढायचा नाही. भीती वाटते. पण लई खूश आहे मी!

९ एप्रिल
डास होऊ नयेत म्हणून ओंकारने अंगणातल्या हौदात शेततळ्यातल्या चिलापी मासोळ्या सोडल्यात. बाकीच्या कणकेच्या गोळ्यांवर तुटून पडतात. एक मात्र कोपऱ्यात, गाल फुगवून, उपाशी. ओंकार म्हणाला, आजारी असेल, काढून टाकू. मी म्हटलं, हात लावायचा नाही. भाकरीच्या वासाने मलाही ढवळतंच की.

१२ एप्रिल
सासूबाईंनी हातातली कळशी हिसकावली. निम्मं पाणी सांडतेस म्हणे. मग शेणाची पाटीही. माझं एक काम यांना पटेल तर शपथ! वर शेजारच्या राहीबाई आल्या, तर त्यांना दारातूनच सांगितलं, सून घरात नाही. मी आत लसूण सोलत होते! राहीबाईंच्या कानावर गेलं की गावभर होतं, खरं. पण माझी एवढी लाज वाटते? रडू आलं.

१८ एप्रिल
पिल्लं! जिऱ्याएवढी, चिलापीच्या तोंडाभोवती. बघत होते, तेवढ्यात मासे टिपणारा खंड्या पक्षी मोटरीच्या पाइपावर येऊन बसला. तिने आ केला — सगळी आत! आईनेच गिळली! मी किंचाळलेच. ओंकार गोठ्यातून पळत आला. माझा हात पोटावर. त्याने खंड्याला हाकललं. दोघं काठावर बसलो.
मग तिने तोंड उघडलं. एक बाहेर, दुसरं, मग सगळी! गिळली नव्हती, लपवली होती. म्हणून उपाशी होती वेडी. आज दीड भाकरी खाल्ली मी.

१९ एप्रिल
सावली पडली की आत, सरली की बाहेर. दिवसभर तेच बघत बसले. भाजी करपली!

२३ एप्रिल
राहीबाई फाटकातून येताना दिसल्या. मी ओट्यावर. सासूबाईंनी दंड धरून मला आत ढकललं, दार ओढून घेतलं. "सून माहेरी गेलीया."
त्या गेल्यावर सासूबाईंनी दार उघडलं. हातावर चिंच ठेवली. हळूच म्हणाल्या, "तिसरा सरू दे. तवर मी बी कुनाला सांगनार न्हाई."
मी तर त्यांना काहीच सांगितलं नव्हतं!