वाकडी होते, आता ताठ

वसमत, १९४६. संक्रांतीनंतरचा मंगळवार, दिवेलागण.

राग जातच नाही. कुरुंद्याहून मावससासूबाई आल्या. मी नेहमीसारखा खांब धरला, श्वास सोडला, गुडघ्यांत हळूहळू बसले आणि मग त्यांच्या पायांना हात लावला. हैदराबादच्या डॉक्टरांनी मणक्याला हाड जोडलं तेव्हापासून मी अशीच बसते, अशीच उठते. पाठ वाकतच नाही.

तर त्या सासूबाईंना म्हणतात, "तुझी सून लईच ताठ हाय गं. जरा वाकाया काय होतंय तिला?"

सासूबाईंना सगळं ठाऊक आहे. पाठीवरच्या वणाला त्यांनीच तेल लावलंय. एक शब्द बोलल्या असत्या तर? पण नाही. उलट त्याच वणावर हात ठेवून मला खाली दाबलं. "वाक की."

तो हात अजून पाठीवर आहे. काहून गप्प बसले मी?

माहेरी गल्लीभर मला वाकडी म्हणत. म्हणून तर पाठ सरळ करून घेतली. आता ताठ.

उद्या मावशी निघताना पुन्हा नमस्कार आहे. करीन, अशीच बसून. आणि सांगीन, माझी पाठ वाकत नाही, आशीर्वाद द्यायला तुमीच जरा वाका.