कोहारूचा नंबर

२ ऑक्टोबर, सोमवार
आमच्या बालवाडीत कोहारू आली! पाच वर्षांची. चाकांच्या वॉकरच्या आधाराने चालते, बोलत नाही, हसते मात्र भरपूर. तिची आई दारातच म्हणाली, "महिनाभर बघते, बाई. नाही जमलं तर तिला तिच्यासारख्या मुलांच्या शाळेत घालीन. इथे सगळ्यांना अडचण नको." "जमेल," म्हटलं मी. छातीठोकपणे.

३ ऑक्टोबर
वर्गाच्या फळ्यावर प्रत्येकाच्या नावाची लाकडी पाटी आहे. पाट्यांच्या क्रमाने रोज ज्याचा नंबर, तो पांढरी टोपी घालून पुढे उभा राहतो, जेवणाआधी आभाराचं "इतादाकिमासु" म्हणतो. मगच सगळे जेवतात. कोहारूची पाटी केली, पण ड्रॉवरमध्येच ठेवली. बोलता येत नाही पोरीला, चारचौघांत लाज कशाला?

११ ऑक्टोबर
पकडले गेले. खडू शोधता शोधता वर्गातल्या गेन्ताला ड्रॉवरमधली ती पाटी सापडली. माझ्या नाकासमोर धरून म्हणतो, "बाई, कोहारूचा नंबर तुम्ही खाल्लात?"
"अरे, तिला बोलता येत नाही ना."
"मग? मला तरी कुठे काड्यांनी धड जेवता येतं? माझी पाटी काढलीत का?"
त्यानेच ती खिळ्याला अडकवली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हणे वीस वर्षं शिकवतेय!

१६ ऑक्टोबर, सोमवार
आज कोहारू पुढे. टोपी पार डोळ्यांवर आलेली. मिसो सूप निवत चाललेलं. एक मिनिट, दोन मिनिटं — तिच्याऐवजी मीच म्हणून टाकणार होते, तेवढ्यात गेन्ताने डोळे वटारले. माझ्यावर! आणि कोहारूने टेबलावर मूठ आपटली. टक. टक.
बावीस पोरांनी छप्पर उडेल अशा आवाजात टेबलं बडवून साथ दिली. ती इतकी हसली की टोपीच पडली. सूप गारढोण होतं. मी दोन वाट्या प्यायले.

२३ ऑक्टोबर
आता पोरं घरीसुद्धा टेबल बडवतात म्हणे. मजा आहे.

३० ऑक्टोबर
कोहारूला ताप. आईचा फोन आला. दोन पालक तिला म्हणाले, तुमच्या मुलीमुळे आमच्या मुलांचं जेवण गार होतं. "उद्या येऊन नाव काढते, बाई." रडू आलं मला.

३१ ऑक्टोबर
कोहारूची आई जेवणाच्या वेळेलाच आली, अर्ज घेऊन. आज नंबर रित्सुकोचा, वर्गातली सगळ्यात बडबडी. टोपी घालून उभी राहिली, तोंड उघडलंच नाही. टक. टक. सगळे जेवायला लागले.
"हे काय?" आईने विचारलं.
"आमच्या वर्गात असंच असतं, काकू," गेन्ता भरल्या तोंडाने म्हणाला.
अर्ज घडी होऊन पिशवीत परत गेला. "ताप उतरला की पाठवते."