टाटपट्टीवरची जागा

गुरुजी, पेन त्यालाच काऊन दिला? इतकी वर्षं झाली, तुम्ही गेलात, आणि माझं भांडण अजून तिथंच अडकून आहे, सौंदडच्या फलाटावर. तुम्ही माझ्या टाटपट्टीवरच्या जोडीदाराला शिष्यवृत्तीच्या परीक्षेला गोंदियाला घेऊन निघाला होता, आणि मी मामासोबत उलट्या दिशेच्या गाडीची वाट पाहत होतो, हैदराबादेत फरशी बसवायच्या कामाला जायला. दिवाळी होऊन गेली होती, धान कापून झाला होता, माझ्या पायाशी सिमेंटच्या पिशवीत कपडे होते. तुम्ही मला पाहिलं. 'जाऊन राहिला का?' म्हणालात. मी म्हटलं, 'महिन्याभरात येतो, गुरुजी.' मग तुम्ही खिशातून नवा पेन काढला, तळहातावर रेघ मारून पाहिली आणि त्याच्या खिशाला लावला. मला म्हणालात, 'जपून जा.' बस. आज माझ्या टेबलावर ऑफिसचे पेन पडलेले असतात, कोणी विचारत नाही. त्यातला एकही हातात घेतला की मला तुमचा तळहात आठवतो, आणि तोंड कडू होतं.

तो हुशार होता, मी कबूल करतो. पण त्याला माझ्याशी जोडलं तुम्हीच. तुमच्या वर्गात एकटं कोणी बसत नव्हतं. टाटपट्टीवर दोघं दोघं, एक अभ्यासात पुढचा, एक मागचा, आणि मागच्याला गणित येईपर्यंत पुढच्याला खेळायला सुट्टी नाही. त्यामुळे तो मला धोंड्या म्हणायचा. गळ्यात बांधलेला धोंडा. एकदा बाहेर कबड्डी रंगात आली होती, आणि माझा भागाकार काही सरत नव्हता. त्यानं माझी पाटी ओढली आणि माझ्यासारखंच वाकडं अक्षर काढून सगळी गणितं सोडवून टाकली. तुम्ही पाटी हातात घेतली, एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा त्याच्याकडं, आणि ओल्या फडक्यानं दोघांच्याही पाट्या पुसल्या. 'तुले शिकवायले सांगतलं होतं,' तुम्ही त्याला म्हणालात, 'त्याचं काम करायले नाई.' मला तेव्हा वाटलं होतं, चिडलात ते त्याच्यासाठी. माझ्यावर चिडायचेही कष्ट तुम्ही घेतले नाहीत.

आता मी काय करतो ते तुम्हाला सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. फरशी बसवता बसवता एका ऑफिसात चहापाण्याला राहिलो, मग वायरी ओढायला, मग तिथल्या एका ताईनं कॉम्प्युटरसमोर बसवलं. हे लोक कॉलेजांना ऑनलाइन शिकवणीची साइट उभी करून देतात. मूळ सॉफ्टवेअर फुकट, सगळ्यांना उघडं. त्याला बाहेरच्या माणसांनी लिहिलेले जोडभाग असतात, प्लगइन म्हणतात. लावले तर बरं, नाही लावले तरी साइट चालते. लिहिणारा लिहून मोकळा होतो. मूळ सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली की याचं कुठंतरी तुटतं, आणि कोणीतरी बसून ते सांधावं लागतं. आमच्याकडं तो कोणीतरी मी. इंग्रजी मला धड येत नाही, पण त्यातले शब्द मी चेहऱ्यावरून ओळखतो, बाजारात गावची माणसं ओळखावी तसे. अडलं की ताईला विचारतो. ती ओरडते, पण सांगते.

त्या ढिगात एक दिवस एक प्लगइन आला. वर्गातल्या मुलांच्या जोड्या लावायचा. एक पुढचा, एक मागचा, आणि मागच्याचा धडा झाल्याशिवाय पुढच्याला पुढचा धडा उघडत नाही. मी ते दोनदा वाचलं, गुरुजी. वर लिहिणाऱ्याचं नाव पाहिलं. त्याचंच होतं. तुमचा वर्ग त्यानं उचलून मशीनमध्ये घातला होता, दूरदूरची कॉलेजं तो वापरतात, शाबासकी देतात, आणि शाबासकी त्याच्या नावाला. त्यानं तो लिहून कधीच सोडून दिला होता. त्या दिवसापासून दरवेळी सांधून राहिलो होतो मी. म्हणजे आता त्याची गणितं मी करत होतो, आणि पाटी पुसायला तुम्ही नव्हता.

यंदा नवी आवृत्ती आली आणि तो प्लगइन पार बसला. वरून एका कॉलेजची तक्रार. साहेब म्हणाले, 'अरे हटा दो ना, ऑप्शनल है. किसी को याद भी नहीं आएगा.' मला फक्त हात बांधून बसायचं होतं. आपल्या शाळेत आता कॉम्प्युटर आलेत, तिथल्या नव्या बाई हाच प्लगइन वापरतात, तो बंद पडला तर आपल्याच गावच्या पोरांच्या जोड्या सुटतील, हे मला ठाऊक होतं. तरी दोन दिवस मी हात लावला नाही. त्याचं नाव पुसलं जाणार, याची मला गोडी लागली होती. आणि ती तक्रार वाचून तर मी खूशच झालो, कारण त्याची चूक सापडली होती. त्याला फोन लावला, पुण्याला.

'काय बे धोंड्या! कायले आठवण काढली?'

'तुझ्या प्लगइनमधी चूक निघाली.'

'निघू दे. तू हायेस ना.'

'जोडीतला एक सोडून गेला, तर मागं राहिल्याले दुसरा भेटतच नाई. जागा रिकामीच धरून बसते.'

तो हसला. 'चूक नाई गा ते. मुद्दाम तसाच लिहिला मी.'

'काऊन?'

'तू गेल्यावर गुरुजीनं तुझ्या जागी कोणाले बसू देल्लं का? वर्षभर माझ्या बाजूची पट्टी रिकामी. एक नवा पोट्टा आला होता, मी म्हटलं, याले बसवा. तर म्हणे, तो महिन्याभरात येतो म्हणून गेला हाये, येईल. लय राग यायचा तुझा. हाजिर होता तवाही धोंडा, अन गेल्यावरही धोंडाच.'

मी विचारलं, 'अन तो पेन?'

'कोणता पेन?'

'फलाटावर देल्ला होता तो.'

'अरे तो! परीक्षेतच फुटला बावा. सगळा सदरा निळा. नापास झालो ना मी!'

खरं तर माझं भांडण तिथं मिटायला हवं होतं. नाही मिटलं, गुरुजी, ते फक्त जागा बदलून बसलं. पेनाचं काही वाटत नाही आता. पण तुम्ही माझी वाट पाहत होता, आणि ते पाहायला वर्षभर तो बसला होता. दाराकडं तुमची मान कशी वळायची, हजेरीत माझ्या नावाशी थांबायचात का, हे सगळं त्याच्याकडं आहे, आणि त्याला त्याचा राग यायचा. माझ्याच वाट्याचं होतं ते, आणि तेही त्यालाच मिळालं.

प्लगइन मी सांधला. रिकामी जागा तशीच ठेवली. फक्त एक बटण दिलं, शिक्षकाला वाटलं तर त्यानं दाबावं आणि दुसरा जोडीदार बसवावा. तुम्ही दाबलं नसतं. आपल्या शाळेच्या बाई दाबतील कदाचित, त्यांची त्या जाणोत. त्यांच्या साइटचं वर्षाचं पाच हजार भाडं आम्ही दोघांनी भरायचं ठरवलं. त्यानं अर्धं भरलं आणि मला निरोप धाडला, 'राहिलेला अर्धा तुझा, जोडीचा हिशेब हाये.' हे पत्र टाकायला पत्ता नाही, आणि असता तरी मी टाकलं नसतं, कारण शेवटचा आकडा वाचून तुम्ही पुन्हा ओलं फडकं घेतलं असतं. त्यानं अडीच हजार पाठवले आहेत. मी पाठवतोय दोन हजार पाचशे एक.