अंबरातली मुंगी

सर, आज दुपारी माझ्या स्वयंपाकघरात जे झालं ते सांगायला तुमच्याशिवाय कुणी सुचत नाही, आणि तुम्हाला जाऊन तर कितीतरी वर्षं झाली. 

तुमचं ते अंबर आठवतंय. झाडाचा चीक कोट्यवधी वर्षं मातीत राहून झालेला मधाच्या रंगाचा खडा, आणि आत पंख पसरलेली माशी. कुठल्याशा प्रदर्शनातून तुम्ही तो हौसेनं घेतला होता आणि आम्हाला पारख शिकवायला प्रयोगशाळेत आणला होता. "खरं अंबर मिठाच्या दाट पाण्यात तरंगतं, बरं का," म्हणत तुम्ही तो ग्लासात सोडता आणि खडा सरळ तळाला जातो. कुणी हसत नाही. तुम्ही अजून मीठ घालता, ढवळता, थांबता. तुमचे कान लाल झालेले मला पहिल्या बाकावरून दिसतात. मग तुम्ही मान वर करता. "बुडलं की! फसलो न्हवं का मी? बघत काय बसलाय, लिहून घ्या." आणि उरलेला तास तुम्ही स्वतःच्याच फसवणुकीवर शिकवलंत. माशी इतकी मधोमध कशी, एक पायसुद्धा मोडलेला कसा नाही. मी हळूच म्हटलं, "पण दिसायला छान आहे, सर." तुम्ही खवळलात. "छान दिसतंय म्हणूनच आधी संशय घ्यायचा, पोरी!"

आता मी तुमचाच भूशास्त्राचा विषय शिकवते. आमच्या कॉलेजच्या संग्रहालयासाठी गुजरीच्या सराफपेठेतल्या एका खड्यांच्या व्यापाऱ्यानं अंबर दाखवलं, आत मुंगी. "घरी न्या मॅडम, काय पायजे ते करून बघा. खोटं निघालं तर माझ्या तोंडावर फेका." फेकावंच लागणार, अशी माझी खात्री होती. मिठाच्या पाण्यात सोडलं, तरंगलं. काही प्लॅस्टिकही तरंगतं, म्हणून भिंगाखाली धरलं. चिकाचे थरावर थर, बारीक कचरा, आणि मुंगी वेडीवाकडी, एका कडेला, मागचा पाय तुटून शेजारी पडलेला. अजून अंबर न झालेली कच्ची राळ असेल तर विरघळून चिकट होईल, म्हणून काठावर नेलपॉलिश रिमूव्हरचा थेंब ठेवला. चिकट झालं नाही. पुन्हा भिंग लावलं, तर तिच्या तोंडात पांढरट काहीतरी. बुडबुडा असेल म्हणून खडा फिरवला. सर, तो कोष होता. चीक अंगावर आला तेव्हा ती पिल्लाला उचलून पळत होती. तिनं ते सोडलेलं नाही. अजूनसुद्धा.

मी भिंग खाली ठेवलं. नवरा आत आला. "काय झालं? खोटं निघालं व्हय?"

"खरं आहे," म्हटलं, आणि पदरानं डोळे पुसले.

"मग रडतीयास कशाला?"

त्याला काय सांगू? खोटं निघालं तर काय करायचं ते तुम्ही भर वर्गात करून दाखवलंत. खरं निघाल्यावर माणसाचं काय होतं, ते तुम्हालाही कधी बघायला मिळालं नाही. भिंग तुमच्या हातात द्यावं आणि आपण बाजूला उभं राहावं, एवढंच सारखं मनात येत होतं.

संध्याकाळी कॉलेजातून फोन आला. तपासणीला अजून काही दिवस लागतील, असं मी सांगितलंय. सर, तपासणी संपलीय. मला ते इतक्यात कुणाला द्यायचं नाहीये.