वाळूच्या खोलीपुढची भिंत

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा मोटारींचे एक्झॉस्ट मॅनिफोल्ड साफ करून त्यांना टिकाऊ लेप देणे, गॅरेजांच्या या रांगेत 'भट्टीवाल्या मावशी' म्हणून ओळखली जाणारी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. दम शाबूत नाही, पण कायद्याला तो लागत नाही असं वकील म्हणाले. हे मी कोणाच्याही दबावाखाली लिहीत नाही. मला दबवणारा अजून जन्माला यायचाय. हे वाक्य वकील खोडायला सांगत होते, मी खोडलेलं नाही.

कलम पहिले. कारखान्याच्या माडीवरच्या दोन खोल्या, भांडी, पलंग आणि गळकी टाकी माझ्या धाकट्या मुलास मिळावी. टाकी दुरुस्त करतो म्हणून तो बरीच वर्षं सांगतोय. आता स्वतःच्या डोक्यावर गळेल तेव्हा करेल. त्याच्या पोटात पाप नाही, हे मी लिहून ठेवते. पण त्याला घाई फार, आणि या धंद्यात घाई करणाऱ्याचं काम परत येतं.

परत का येतं, तेही लिहिते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. मॅनिफोल्ड म्हणजे इंजिनातला जळका धूर बाहेर नेणारा बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा नळा. तो इतका तापतो की साधा रंग त्यावर पापडासारखा सुटतो. म्हणून आधी त्याला भट्टीत तापवून पोटातलं जुनं तेल बाहेर काढायचं. बीड तेल पितं, आणि तापल्यावर घाम यावा तसं सोडतं. मग गंज आणि काजळी उडवायला वेगळ्या बंद खोलीत दाबाच्या हवेने वाळूचा मारा. मग उघड्या हाताने शिवायचं नाही. अजिबात नाही. हाताचा घाम लागला की त्या जागी लेप धरत नाही. भट्टीतून काढल्यावर बोटं जशीच्या तशी उमटतात. मग लेपाचे पातळ हात, एकावर एक, आणि हळूहळू वाढवलेली आच. एवढं केलं की गाडी भंगारात जाते पण लेप जात नाही. हे मला माझ्या नवऱ्याने शिकवलं, आणि लेपाचा हात त्याच्यापेक्षा माझा बरा होता, हे तो चारचौघांत कबूल करायचा.

कलम दुसरे. माझे दीर, म्हणजे भावजी, यांस एक सुती फडकं द्यावं. ते भट्टीमागच्या खिळ्याला आहे. धुऊ नये, तसंच द्यावं. वाळू आणण्याचं काम त्यांच्याकडे होतं. नवरा खोकायला लागला तेव्हा मी म्हटलं, "भावजी, वाळू बंद करा, पोलादाचे बारीक दाणे मिळतात ते आणा, आणि खोलीला धूळ ओढणारा पंखा बसवा." ते हसले. "वहिनी, नाकाला ओलं फडकं बांधलं की झालं. पुरुषाच्या जातीला धुळीचं काय भ्या?" माझ्या नवऱ्याने तेच फडकं बांधलं आणि तो खोकून खोकून गेला. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडाला धरून दाखवला. वाळूची धूळ फुप्फुसात जाऊन बसते, ती परत निघत नाही. भावजी तेराव्याला जेवले आणि वाटणी मागून वेगळे झाले. त्यांना मी माफ केलेलं नाही. मेल्यावर माफ करते असंही कोणी समजू नये.

कलम तिसरे. वाळू मारताना डोक्यावर घालायची टोपी, जिला मागून हवेची नळी असते, ती मोडून फेकावी. कोणाला देऊ नये, भंगारवाल्यालाही नाही. नवरा गेल्यावर ही टोपी घेतली. बैल गेला आणि झोपा केला. थोरला मुलगा ती घालून त्याच खोलीत उभा राहिला. नळीला चीर होती आणि आम्हांला ठाऊक नव्हतं. माझा थोरला चाळिशीही न बघता गेला. बास. याच्या पुढे मला लिहवत नाही.

कलम चौथे. बँकेतली माझी ठेव आणि हातातल्या चार बांगड्या मोडून जे येईल त्यातून एक बंद पेटी घ्यावी. बाहेरून हातमोजे बसवलेली असते, आत दाण्यांचा मारा, धूळ पेटीतच राहते. धाकटा म्हणतो, "आई, पेटीत एका वेळी एकच नग मावतो. ट्रकवाल्यांचं कंत्राट असं एकेक करून कधी पुरं व्हायचं?" बाळा, नाही व्हायचं. कंत्राट सोड.

कलम पाचवे. कारखान्याची जागा, भट्टी, कॉम्प्रेसर, लेपाच्या बंदुका आणि वरील पेटी माझ्या थोरल्या सुनेस मिळावी. धाकट्याचा त्यात हक्क नाही. त्याने तोंड वाकडं केलं तर करू द्यावं.

थोरला गेल्यावर तिने ती टोपी डोक्यावर चढवली. मी आडवी गेले, तर म्हणाली, "आई, मग खायचं काय? तुमच्या हाताला लेप आहे, माझ्या हाताला काय आहे?" लेप मी शिकवते म्हटलं आणि शिकवलाही, पण लेपाआधी मारा लागतो आणि मारा करायला दुसरं कोणी नव्हतं. माझ्या घरातल्या तिसऱ्या माणसाला मी त्या दारातून आत जाताना बघत होते.

आणि आता ती खोकते. मला सांगत नाही. आधी कॉम्प्रेसर सुरू करते, तो धडधडायला लागला की मग खोकते, म्हणजे म्हातारीला ऐकू जायला नको. अगं, माझा थोरलाही हेच करायचा! मला कॉम्प्रेसरच्या आवाजातूनही खोकला ऐकू येतो.

मी वकिलांना म्हटलं, अट घाला की वाळूची खोली बंद राहील तरच कारखाना तिचा. ते म्हणाले, "मावशी, अट घालता येईल. पण तुम्ही नसताना ती पाळतंय कोण, बघतंय कोण?" खरं आहे. धाकटा गोड बोलेल, कंत्राटदार आगाऊ देईल, आणि ही पोटासाठी पुन्हा टोपी चढवेल. कागदाने कोणी थांबत नाही. म्हणून सहावं कलम मी जिवंतपणीच पुरं केलं आहे.

कलम सहावे. भट्टीच्या वर एक मॅनिफोल्ड टांगलेला असायचा. तो थोरल्याच्या हातचा शेवटचा. वाळू मारून, मोजे काढून तो बाहेर आला आणि त्याला खोकल्याची उबळ आली. आधाराला म्हणून त्याने समोरचा स्वच्छ नळा घट्ट धरला. मला ते दिसलं नाही. मी लेप दिला, भट्टी लावली. तो दवाखान्यात असताना मी भट्टी उघडली, तर नळ्यावर चार बोटं आणि अंगठा, तांबूस, रेघ न् रेघ दिसणारी. तो घरी आला नाही. गिऱ्हाईकाला मी दुसरा नळा दिला. थोरल्याचा हात एवढाच उरला आहे.

सून मला अनेकदा म्हणाली, "आई, तो मला द्या. मी उशाशी ठेवीन." मी देते देते म्हणत राहिले.

काल गवंडी आणून वाळूच्या खोलीचं दार विटांनी बुजवून घेतलं. मधोमध, छातीच्या उंचीवर, तो नळा सिमेंटात बसवला. बोटांची बाजू बाहेर. सून कोपऱ्यात उभी होती. ती एवढंच म्हणाली, "आई, हे तुम्ही बरं नाही केलंत," आणि माडीवर निघून गेली. तेव्हापासून माझ्याशी बोललेली नाही.

धाकट्या, ती खोली तुला उघडायची असेल तर तुझ्या भावाच्या हातावर घण घालावा लागेल. सूनबाई, तुलाही. घाला बघू.

पोरी, तुझी उशी मी रिकामी ठेवली, हे मला माहीत आहे. तुला हवं ते मी भिंतीत चिणलं. मला जन्मभर शिव्या दे. शिव्या द्यायला दम लागतो; तो तुझ्या छातीत राहावा, एवढ्यासाठीच हे केलं आहे.

वरील मजकूर मी लिहिला, मोठ्याने वाचला, मध्ये दोनदा थांबावं लागलं. यापूर्वी मी दुसरं मृत्युपत्र केलेलं नाही आणि यानंतर करण्याइतका वेळ नाही.

ठिकाण : कारखाना, भट्टीसमोरचं बाकडं
दिनांक : ९ मार्च
लिहून ठेवणार : (सही) भट्टीवाल्या मावशी

साक्षीदार पहिले : (सही) छातीचे डॉक्टर. लिहून ठेवणार पूर्ण शुद्धीवर आहेत. सूनबाईंना उद्या सकाळी फोटोसाठी पाठवावे.

साक्षीदार दुसरे : (अंगठा) गवंडी. मावशींनी माझ्यासमोर सही केली. भिंत मी बांधली. आज भिंत पक्की धरावी म्हणून पाणी मारायला आलो, तर सूनबाई आधीच तिथे होत्या. त्यांनी आपली बोटं त्या बोटांवर ठेवली होती, आणि दुसऱ्या हाताने भिंतीला पाणी मारत होत्या.